पाव इंच

"तुझी कशाला मोजायची?" कॅझ म्हणाला आणि हातातली लाकडी दांडी त्याने पुन्हा खिशात टाकली.

एडमंड गोरेत्स्कीला त्या दिवसातलं बाकी फारसं काही आठवत नसे. आठवायची ती दांडी. वीतभर लांब, पेन्सिलीएवढी जाड, तेलाने काळपट झालेली. आणि ती खिशात गेल्यावर आपल्याला किती हलकं वाटलं होतं, ते आठवायचं. हेच त्याला सर्वांत जास्त टोचत असे.

रीत अशी होती. दोन कंपन्यांच्या गाड्या समोरासमोर आणायच्या, पाव मैलाच्या सरळ पट्टीवर पळवायच्या आणि आलेले आकडे छापायचे, हे मासिकवाल्यांचं काम. गाडी मात्र कंपनीच आणून देई. 'ही गाडी दुकानात मिळते तशीच आहे' असा एक कागद असे आणि त्याखाली गाडी आणणारा सही करी. पण एकमेकांच्या सहीवर कोणाचाच भरवसा नव्हता, म्हणून दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचं इंजिन तपासायची मुभा होती. एक स्पार्क प्लग काढायचा, त्या भोकातून दांडी आत सोडायची आणि इंजिन हाताने फिरवायचं. पिस्टन तळाशी असताना दांडीवर एक खूण करायची, माथ्यावर आला की दुसरी. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे पिस्टनची धाव. भोक तिरकं असतं, त्याचा थोडा हिशेब करावा लागतो. पण सांगितल्यापेक्षा मोठं इंजिन बसवलेलं असेल तर दांडी चुगली केल्याशिवाय राहत नाही.

आधी एडमंडने ड्रेक कंपनीची गाडी मोजली होती. त्याने स्वतःच आग्रह धरला होता. ती गाडी आणली होती त्याच्या बायकोच्या थोरल्या भावाने, कॅझिमिरने. कॅझ ड्रेकच्या इंजिन-चाचणी विभागात होता, एडमंड हॅलार्ड या प्रतिस्पर्धी कंपनीच्या. हॅमट्रॅमक या त्यांच्या कारखान्यांच्या गावात अशी घरं पुष्कळ होती. एका टेबलावर बसून दोन शत्रुपक्षांचे लोक बटाटे सोलायचे, आणि कारखान्यातलं काही टेबलावर आणायचं नाही एवढा एक नियम सगळे पाळायचे.

"मोज ना, जावईबापू," कॅझ म्हणाला होता. "नीट वाकून मोज. पाठ दुखते का? धरू का कंबर?"

मासिकाचा छायाचित्रकार हसला होता. एडमंडने वाकून मोजलं. माप बरोबर निघालं, अगदी कंपनीच्या पत्रकात छापलेलं. एडमंडने पुन्हा एकदा मोजलं. दुसऱ्यांदा कशासाठी, ते त्याचं त्यालाच ठाऊक होतं. कॅझनेही लबाडी केलेली असावी, अशी त्याची फार इच्छा होती.

मग कॅझची पाळी आली, आणि कॅझ म्हणाला, तुझी कशाला मोजायची.

हॅलार्डची 'कायोटी' पावणेचार इंच धावेचं इंजिन घालून विकली जात होती. त्या दिवशी पट्टीवर आणलेल्या कायोटीत चार इंच धावेचं इंजिन होतं. कंपनीच्या लांबलचक, वजनदार गाड्यांत बसतं ते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसत. रंग तोच, झाकणं तीच, नळ्या तिथेच. फरक फक्त इंजिनाच्या ठोकळ्यावर ठोकलेल्या आकड्यांत होता, आणि ते आकडे एडमंडने स्वतः घासून काढले होते. चाचणी विभागाचा प्रमुख मॅकव्हे याने हे काम दुसऱ्या कोणाला दिलं नाही.

"तुझा हात स्थिर आहे," मॅकव्हे म्हणाला होता. "आणि तोंड पाडू नकोस असं. तिकडे ड्रेकवाले काय ओवाळणी घेऊन येणार आहेत? सगळेच करतात. जो करत नाही तो शेवटचा येतो."

एडमंडने कानस चालवली, धातू चमकला. मग आकड्यांचे छोटे ठसे एकेक करून उभे धरले आणि हातोडीने ठोकले. आठ आकडे. एकही वाकडा गेला नाही. काम झाल्यावर त्याने थोडं मागे सरून पाहिलं, आणि काम चांगलं झाल्याचं समाधानही त्याला वाटलं. ही गोष्टसुद्धा पुढे त्याला विसरता आली नाही.

कायोटीने पाव मैल तेरा सेकंदांहून किंचित जास्त वेळात कापला. ड्रेकच्या गाडीला चौदाहून जास्त लागले. एवढ्या छोट्या पट्टीवर एक सेकंद म्हणजे किती, ते बघायला घड्याळ लागत नाही. कॅझची गाडी अजून गुरगुरत येत होती आणि एडमंडची गाडी शेवटची रेघ ओलांडून गेली होती.

कॅझ टोपी मागे सारून बघत राहिला. मग चालत आला आणि त्याने एडमंडच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय केलंस रे आत?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात हेवा नव्हता. सुताराने दुसऱ्या सुताराचा सांधा बघून विचारावं तसा तो विचारत होता. "सांगू नकोस. सांगितलंस तर तुझी नोकरी जाईल. पण मी शोधून काढीन."

*

मासिकाचा तो अंक मार्चमध्ये आला. दुकानांपुढे पोरांच्या रांगा लागल्या. हॅलार्डने लेखाचं पान काचेच्या चौकटीत बसवून एडमंडला दिलं, आणि त्याच्या बायकोने, ब्रोनियाने, ते जेवणाच्या खोलीत टांगलं. खिळा तिनेच ठोकला. जागाही तिनेच निवडली, टेबलाच्या अगदी समोर.

"तिथे नको," एडमंड म्हणाला. "तुझा दादा येतो दर रविवारी."

"म्हणून तर," ब्रोनिया म्हणाली. "त्यालाही दिसू दे. लहानपणी माझी सायकल हातात धरून मागे ढकलायचा आणि म्हणायचा, बघ, मी पुढे."

स्वतःची बायको वारल्यापासून कॅझ दर रविवारी चर्चमधून सरळ त्यांच्याकडे जेवायला येत असे. येताना काळ्या पावाची एक लादी आणायचा, आणि किसलेल्या मुळ्याची बाटली. कारण ब्रोनियाचा मुळा डोळ्यांत पाणी आणत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. चौकट पाहिली त्या दिवशी त्याने ती वाकून सबंध वाचली, सरळ उभा राहिला आणि एडमंडला वाडग्यातलं सूप वाढलं. आधी स्वतः घेतलं नाही.

"आज मानकरी आधी," तो म्हणाला.

एडमंडला सूप गिळताना त्रास झाला. पण गिळलं. माणूस काय काय गिळू शकतो याला हिशेब नसतो.

त्यानंतर चार रविवार कॅझ कारखान्याबद्दल बोलला नाही. नियमच होता तसा. फक्त तो वाळत चालला होता. सूप अर्धं ठेवायचा. बोलता बोलता थांबून टेबलावर नखाने काहीतरी लिहायचा. ब्रोनिया त्याला डॉक्टरकडे जा म्हणायला लागली.

पाचव्या रविवारी जेवण आटोपल्यावर तो एडमंडला म्हणाला, "जरा गॅरेजमध्ये ये. नियम मोडतोय मी. एकदाच."

गॅरेजमध्ये त्याने कामाच्या टेबलावर एक वही उघडली. कॅझच्या वह्या सगळ्या खात्यात माहीत होत्या. बारीक अक्षर, पेन्सिलीने काढलेले आलेख, एकाही आकड्यावर खाडाखोड नाही. चुकलं तर तो पान फाडत नसे. एक रेघ मारून पुढे लिहायचा, म्हणजे काय चुकलं होतं तेही राहावं.

"आम्ही एक कायोटी विकत घेतली," कॅझ म्हणाला. "दुकानातून. तुम्हीही आमच्या घेता, त्यात काही पाप नाही. सुटी केली. स्क्रू न् स्क्रू टेबलावर मांडला. काही नाही, एडमंड. चांगलं इंजिन आहे, पण साधं आहे. पुन्हा जोडलं आणि ताकद मोजायच्या यंत्रावर चढवलं. तीनशेच्या आसपास घोडे. आता हे बघ." त्याने पान उलटलं. "मासिकाने पट्टीच्या टोकाचा वेग छापलाय. गाडीचं वजन छापलंय. त्यावरून ताकद निघते, शाळकरी पोरगाही काढेल. मी सात वेळा काढली. चारशे. चारशेच्या खाली येतच नाही."

एडमंड वहीकडे बघत राहिला. गणित बरोबर होतं. कॅझचं गणित कधी चुकत नसे.

"मग एकतर मासिकाचं घड्याळ चुकलं," कॅझ म्हणाला, "पण त्याच घड्याळाने माझी गाडी मोजली आणि तिचा आकडा बरोबर बसतो. नाहीतर माझं यंत्र खोटं बोलतंय."

"तिसरं काही असू शकतं," एडमंड म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

"आमच्याकडेही तेच म्हणाले. साहेब म्हणाला, त्यांनी दुसरं इंजिन बसवलं असणार, आणि तू झोपला होतास का, मोजलं का नाहीस? मी म्हटलं, मोजलं नाही, कारण गाडी माझ्या बहिणीच्या नवऱ्याने आणली होती. कागदावर त्याची सही आहे. त्या माणसाला मी पंधरा वर्षं ओळखतो. चर्चच्या लॉटरीत चुकून दोन तिकिटं हातात आली तर एक परत करायला गेला होता तो."

एडमंड टेबलावरची पेन्सिल सरळ करत राहिला.

"साहेब म्हणाला, ठीक आहे, तुझा मेव्हणा साधू आहे, तर मग तुझं यंत्र चोर आहे. दोन्हीपैकी एक. आणि बरोबर आहे त्याचं, तिसरं काही उरतच नाही. उद्या सकाळी नऊला बैठक आहे. मी लिहून देणार आहे की माझ्या खोलीतली मापं भरवशाची नाहीत. गेल्या दोन वर्षांची सगळी. त्यावर तीन इंजिनं ठरलीत आमची." त्याने वही मिटली आणि तिच्यावर तळहात ठेवला. "मी ते यंत्र पाच वेळा तपासलं, एडमंड. वजनं टांगून तपासलं. मला चूक सापडत नाही. कुठेतरी असणार, पण सापडत नाही. म्हणून तुला विचारतोय. तुमच्या इंजिनाचं गुपित नको मला. फक्त एवढं सांग, की माझ्यासारख्या माणसाला न दिसेल असं काहीतरी त्यात आहे. म्हणजे उद्या ते लिहिताना माझा हात अडणार नाही."

टेबलावर काढून ठेवलेल्या कॅझच्या कोटाचा खिसा कडेला लोंबत होता, आणि त्यातून दांडी डोकावत होती. इतके आठवडे ती त्याच कोटात होती.

एडमंडने हो म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. कॅझला ते एक 'हो' एवढंच हवं होतं. ते घेऊन तो घरी गेला असता, आणि उद्या त्याने स्वतःच्या दोन वर्षांवर एक सरळ रेघ मारली असती. एडमंडच्या ओठांवर तो शब्द आलाही होता. त्याने तोंड उघडलं, मग हात पुढे करून खिशातली दांडी काढली. टेबलावरची पेन्सिल घेतली. पट्टी लागली नाही. ते अंतर त्याच्या हाताला पाठ होतं. त्याने दांडीवर एक खूण केली आणि तिच्यापासून चार इंचांवर दुसरी.

कॅझने दांडी हातात घेतली. मग पट्टी आणली आणि मोजलं. पुन्हा एकदा मोजलं.

"पाव इंच जास्त," तो म्हणाला.

"हो."

"आकडे कोणी ठोकले?"

"मी."

"सही करायच्या आधी की नंतर?"

"आधी."

कॅझने मान हलवली, एखादा निकाल ऐकून हलवावी तशी. तो स्टुलावर बसला. घरातून ब्रोनियाच्या ताटल्यांचा आवाज येत होता.

"मी मोजतो म्हटलं असतं तर?" त्याने विचारलं.

या प्रश्नाची एडमंडला सर्वांत जास्त भीती होती. "मॅकव्हेने सांगून ठेवलं होतं," तो म्हणाला, "प्लग तापलाय म्हणायचं. चटका बसेल. गाडी निवू दे. मग संध्याकाळपर्यंत लांबवायचं."

"आणि तू म्हणाला असतास?"

"हो."

"मला?"

"तुला."

कॅझने दांडी टेबलावर ठेवली. मग कॅझ हळूच हसला, आणि ते हसू पाहून एडमंडला वाटलं, याने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे माझं यंत्र बरोबर आहे," कॅझ म्हणाला. "सहा आठवडे त्या यंत्राला शिव्या देतोय मी."

"कॅझ, मला माफ..."

"थांब. माफीचं नंतर बघू. मला आधी हे सांग, तू हे मला कशाला सांगितलंस?" त्याचा आवाज चढला नव्हता. "आता मी नऊ वाजता काय करू? तुझं नाव घेतलं तर तुझी नोकरी जाते. आमचे लोक वर्तमानपत्रात देतील, मासिकवाले हात झटकतील, आणि मॅकव्हे म्हणेल, आम्हाला काही ठाऊक नव्हतं, एका माणसाने परस्पर केलं. ब्रोनियाने काय करायचं? आणि नाव नाही घेतलं तर मला तेच लिहून द्यावं लागेल, यंत्र खराब आहे म्हणून. काल लिहिलं असतं तर मूर्ख ठरलो असतो. आता लिहिलं तर खोटारडा. तुझ्या छातीवरचा दगड काढून तू माझ्या छातीवर ठेवलास, जावईबापू."

'जावईबापू' तो नेहमीसारखंच म्हणाला. सवयीने. म्हणाल्यावर दोघांनीही खाली बघितलं.

कॅझने कोट घातला, वही काखेत मारली. दांडी टेबलावरच राहिली.

"काय लिहिशील?" एडमंडने विचारलं.

"ब्रोनिया माझी बहीण आहे," कॅझ म्हणाला. "मला काय लिहायचंय ते ठरलेलं आहे." आणि मागच्या दाराने निघून गेला. ब्रोनियाला हाक मारली नाही. पावाची राहिलेली अर्धी लादी तो दर वेळी परत न्यायचा, तीही तशीच राहिली.

*

ब्रोनियाला एडमंडने त्याच संध्याकाळी सांगितलं. ती कोबीची पानं उकडत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, ऐकत राहिली आणि पानं एकेक करून गाळणीत काढत राहिली.

"दादाला ठाऊक आहे?" शेवटी तिने विचारलं.

"आता आहे."

"आणि तो काय करणार?"

"मला वाचवणार."

ब्रोनियाने आच बंद केली. "आणि तू वाचणार?" तिने विचारलं.

सकाळी तो उठला तेव्हा जेवणाच्या खोलीत चौकट नव्हती. खिळा होता. कॉफी ओतताना ब्रोनिया त्याच्याकडे बघत नव्हती, पण इस्त्री केलेला शर्ट तिने खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवला होता, रविवारचा.

आठ वाजता एडमंड ड्रेकच्या फाटकापाशी उभा होता. पंधरा वर्षांत या रस्त्याने तो हजारदा गेला असेल. गाडी कधी थांबवली नव्हती. समोर पहिल्या पाळीची माणसं डबे घेऊन आत शिरत होती. काहींनी त्याच्या कोटावरचं हॅलार्डचं चिन्ह पाहिलं आणि एकमेकांना कोपराने ढोसलं. ते काढून ठेवायचं त्याच्या मनात आलं होतं, गाडीत बसल्या बसल्या त्याने बोटही लावलं होतं. मग तसंच राहू दिलं. आजच्या दिवशी काही लपवायची त्याला इच्छा नव्हती, निदान एवढं तरी.

फाटकावरचा पहारेकरी साठीचा होता. त्याने एडमंडला नीट न्याहाळलं.

"चुकीच्या दारात आलात, भाऊ," तो म्हणाला. "तुमचा कारखाना तीन मैल पुढे."

"माहीत आहे."

"तुम्हा लोकांची ती कायोटी," पहारेकरी मागेपुढे बघत आवाज उतरवून म्हणाला, "माझ्या पोराने नोंदवलीय. मी इथे नोकरीला, आणि पोरगा तुमच्याकडे रांगेत. मासिकातलं पान उशीखाली घेऊन झोपतो. आईला सांगतो, तेरा सेकंद, आई, तेरा सेकंद." तो कौतुकाने हसला. "ती तुम्ही केली का?"

एडमंडचा चेहरा तापला. कान, मान, सगळं. आत जाऊन कोणाला सांगायचं ते तो ठरवून आला होता. हा माणूस त्याच्या यादीत नव्हता. आणि हा पहिला होता.

"त्यातलीच एक मी केली," तो म्हणाला. "तुमच्या पोराला मिळेल ती तेरा सेकंदांत जाणार नाही. चौदाहून जास्त लागतील. त्याला सांगा, ज्याने केली त्यानेच सांगितलं म्हणून."

पहारेकऱ्याचं हसू जागच्या जागी राहिलं. मग हळूहळू गेलं. त्याने एडमंडच्या कोटावरच्या चिन्हाकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"तुमचं इथे काम काय आहे?" त्याने विचारलं. आता त्यात भाऊ नव्हतं.

"नऊला बैठक आहे, इंजिन-चाचणीची. त्याआधी तुमच्या साहेबांना भेटायचंय. त्यांच्या माणसाचं यंत्र बरोबर आहे, एवढं सांगायचंय."

"नाव?"

एडमंडने नाव सांगितलं. पहारेकरी खोपटात गेला, फोन उचलला, आणि बोलता बोलता काचेतून त्याच्याकडे बघत राहिला. आत शिरणाऱ्या माणसांत कॅझ दिसला. काखेत वही होती. फाटकापाशी एडमंडला पाहून तो थबकला. मागच्या माणसाचा त्याला धक्का लागला, तरी हलला नाही.

"घरी जा," कॅझ म्हणाला.

एडमंडने मानेनेच नाही म्हटलं. त्याला कॅझच्या डोळ्यांत बघवत नव्हतं, म्हणून त्याने वहीकडे बघितलं. "काही लिहिलंस?"

"अजून नाही."

"मग नको लिहूस."

पहारेकऱ्याने काच सरकवली. "वर पाठवा म्हणतायत," तो म्हणाला. "आणि सांगितलंय, एकट्याला सोडू नका."

कॅझ क्षणभर उभा राहिला. मग म्हणाला, "मी नेतो." आणि एडमंडच्या पुढे चालू लागला, दोन पावलं पुढे, मागे वळून न बघता. एडमंड त्याच्यामागून गेला. गॅरेजमधून उचलून खिशात टाकलेल्या दांडीला त्याने मुठीत घट्ट धरलं होतं.